सांगाडा माझा, इंजिन साडूंचं

तीर्थरूप मामांस,

दुकानाच्या काउंटरवरूनच, हातातली काच खाली ठेवून, वाकून नमस्कार. तुम्ही दोघं कसे आहात? मामींनी फोनवर सांगितलं, की मी करून दिलेला चष्मा तुम्ही वाचायला बसताना काढून ठेवता आणि जेवायला बसताना घालता. मामा, तो वाचायचाच आहे. (जेवताना घातलात तर ताटातलं सगळं अंगावर आल्यासारखं दिसेल आणि तुम्ही निष्कारण कमी जेवाल.) मामींचा खोकला एव्हाना गेला असेल. इकडची खुशाली विचाराल तर ही मजेत आहे, सासूबाई ठणठणीत आहेत, माझे साडू नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा थोडे जास्तच मजेत आहेत, आणि माझं म्हणाल तर पत्र लांबणार आहे, तेव्हा आधी नीट टेकून बसा.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. दातांचे डॉक्टर. तुम्ही त्यांना आमच्या लग्नात पाहिलंय. लग्नाच्या फोटोत मधोमध उभे असलेले, ज्यांच्यामुळे नवरामुलगा नक्की कोणता असा प्रश्न लोकांना आजही पडतो, ते. माणूस वाईट नाही. हीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर मी मोकळेपणानं नावं ठेवली असती. पण ते हसतमुख आहेत, मदतीला धावतात, सासूबाईंची औषधं आठवणीनं आणतात, आणि हे सगळं माझ्या आधी करतात. मी बाल्कनीत कुंड्या मांडल्या तर त्यांच्या गच्चीवर बाग उगवते. मी सकाळी चालायला लागलो तर ते पळायला लागतात. सासूबाईंच्या तोंडात त्यांनी केलेली कवळी आहे आणि नाकावर मी केलेला चष्मा आहे. पण आल्यागेल्याला त्या हसून कवळी दाखवतात. चष्मा मात्र बाहीला पुसतात. (काचेवर चरे पडतात. मी बोलत नाही.)

गेल्या वर्षी डॉक्टरांनी नवीकोरी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी ती माझ्या दुकानासमोर अशी उभी केली, की पाटीवरचा "चष्मे" हा शब्द त्या दिवशी कुणालाच दिसला नाही. ही गाडीत बसून आली आणि म्हणाली, "अक्काला पाय किती ऐसपैस पसरता येतात हो." इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या शेवटच्या "हो"चा अर्थ मला कळतो. मी त्याच दिवशी ठरवलं, की आपण अशी गाडी घ्यायची जी डॉक्टर उद्या सकाळी शोरूममध्ये जाऊन घेऊ शकणार नाहीत.

अशी गाडी भंगारातच मिळते. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागे एका भंगारवाल्याचं आवार आहे. हा गृहस्थ तेव्हा पुढचे दात नसलेला, आणि कागद वाचायचा तर हात संपेपर्यंत लांब धरणारा असा होता. त्यानं फ्रिजच्या दारांचा ढीग बाजूला सारला आणि खालून एक गाडी निघाली. जुन्या काळची ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार. दोनच आसनं, लांबलचक नाक, कमरेपर्यंतची दारं, तारांची चाकं, आणि छपराच्या जागी आकाश. गंजली होती, एक डोळा नव्हता, आत मांजराचं बिऱ्हाड होतं; पण मामा, ती तिथं अशी बसली होती, जणू बाकीचं सगळं भंगार आहे आणि ती फक्त कुणाची तरी वाट बघतेय. मी बॉनेट उघडलं. आत काहीच नव्हतं. "इंजिन?" मी विचारलं. "ते आज सकाळीच गेलं," भंगारवाला म्हणाला. "एक साहेब घेऊन गेले. ते बॉडीसाठी दुपारी परत येणार होते, पण आता तुम्ही आलात."

मामा, हे ऐकून मी विचार करायला हवा होता. मी तो केला नाही. दुसरा कुणी येणार आहे एवढं कानावर पडताच मी तो सांगाडा टेम्पोत चढवला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवला. हिनं तो चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "बाकीची कधी येणार?"

त्या गाडीनं मला जे जे शिकवलं ते सांगत बसलो तर पोस्टाची पिशवी भरेल. तिच्या पत्र्याच्या आत लाकूड असतं, हे मला ठाऊक नव्हतं. दार उघडलं तर दार हातात आलं आणि चौकट वाळवीसकट जागच्या जागी राहिली. मग एका बंद पडलेल्या कापडदुकानाचं काउंटर आणून त्याच्या फळ्यांतून चौकटी केल्या. (उजव्या दाराच्या आतल्या बाजूला अजून गज-फुटाच्या खुणा आहेत. गाडी उभी असताना कापड मोजता येईल.) आसनं मोडकळीला आलेल्या चित्रपटगृहाच्या बाल्कनीतली, त्यांना उठलं की आपोआप दुमडायची सवय होती, ती घालवताना माझं बोट दोनदा सापडलं. डॅशबोर्डाला उत्तम सागवान हवं होतं. ते घरातच सापडलं, हिच्या कपाटाच्या दाराला. त्यावर हिचं जे म्हणणं पडलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. नट-बोल्टांचं तर विचारूच नका. जगातला कुठलाही पाना घ्या, तो या गाडीला एकतर सैल होतो नाहीतर बसतच नाही. त्या मापाचे पाने वेगळेच असतात, आणि तेही भंगारवाल्याकडेच होते, आणि तेही "आज सकाळीच गेले."

हे "आज सकाळीच गेलं" माझ्या जिवाला लागलं. स्टिअरिंगचं चाक मागायला गेलो, ते सकाळीच गेलं. रेडिएटर, गिअरबॉक्स, पुढची पितळी पट्टी, सगळं सकाळी. कधीकधी मी सकाळी जायचो, तेव्हा ते काल संध्याकाळी गेलेलं असायचं. या अनोळखी साहेबाचा मला इतका हेवा वाटू लागला की दुकानात येणाऱ्या प्रत्येक बऱ्या कपड्यातल्या माणसाचे हात मी ग्रीससाठी तपासू लागलो. डोळे तपासता तपासता एकाला विचारलंसुद्धा, "आपल्याकडे जुनं इंजिन आहे का?" तो घाबरून शेजारच्या दुकानात चष्मा करायला गेला.

भंगारवाल्याला वश करायचा एकच मार्ग मला जमण्यासारखा होता. मी त्याला चष्मा करून दिला. फ्रेम माझ्या आवडीची, जाड, कासवाच्या पाठीसारखी. ती या शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यानं तो घालून आपलं सगळं आवार पहिल्यांदा नीट पाहिलं आणि थोडा खिन्न झाला, पण मला मागचा दिवा दिला. त्याच्या बायकोला चष्मा केला, तेव्हा आरसा मिळाला. आईला केला, तेव्हा दुसरा हेडलाइट मिळाला. (एक मूळचा, एक ट्रॅक्टरचा; पहिला वर बघायचा, दुसरा खाली. चष्मेवाल्याची गाडी तिरळी, हे दुःख मी कुणाला सांगू?) तरी इंजिनाचं नाव काढलं की तो तोंड मिटून घ्यायचा. तोंड का मिटतो, हे मला एके दिवशी कळलं.

त्या दिवशी मी काहीतरी बोललो आणि तो खळखळून हसला. मामा, त्याच्या तोंडात दात होते. वरचे, खालचे, सगळे. पांढरेशुभ्र, रांगेत, आणि तोंडाच्या मानाने एक माप मोठे. हे हसू मी ओळखत होतो. हे हसू मी दर रविवारी जेवताना समोर बघतो. ते सासूबाईंचं हसू होतं. असे दात या शहरात एकच माणूस बसवतो.

तिथून मी तडक डॉक्टरांच्या घरी गेलो. अक्कांनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता घरामागच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्या खोलीत डॉक्टर आपल्या जुन्या दवाखान्याचं सामान ठेवतात. आत पेशंटची ती उंच खुर्ची होती, मागे कललेली, वरचा मोठा दिवा लावलेला, आणि खुर्चीत इंजिन होतं. चांगलं चकचकीत, छातीला नॅपकिन बांधलेलं. डॉक्टर मास्क लावून त्याच्या कार्बोरेटरच्या बारीक भोकांत दाताच्या मुळात घालायची सुई फिरवत होते. भिंतीवर माझं स्टिअरिंग टांगलं होतं. (माझं म्हणजे त्यांचं. पण मनातून माझंच.)

त्यांनी माझ्याकडे पाहून मास्क खाली केला. "तुम्हीच ना ते?" म्हणाले. "भंगारवाल्याच्या नाकावर ती कासवाची फ्रेम बघितली तेव्हाच मला संशय आला होता. त्याच्या बायकोच्या नाकावर बघितली आणि खात्रीच झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बॉडी घेऊन गेलात त्या दिवसापासून मला चैन नाही," डॉक्टर म्हणाले. "माणूस कोण हे माहीत नव्हतं तेव्हा निदान शिव्या देता येत होत्या."

मग आम्ही दोघांनी मिळून भंगारवाल्याला शिव्या दिल्या. त्यात थोडा वेळ बरा गेला. नंतर मी माझ्या खिशातल्या कागदावरचा, सांगाड्याच्या पट्टीवरून उतरून घेतलेला नंबर काढला आणि इंजिनावरच्या नंबराशी जुळवला. तोच. एकाच गाडीचे दोन तुकडे, एकाच सासूचे दोन जावई. एखाद्या शहाण्या माणसानं तिथल्या तिथं हात पुढे केला असता. मी म्हणालो, "इंजिन मला द्या." ते म्हणाले, "बॉडी मला द्या." मी म्हणालो, इंजिन काय, कुठलंही बसवता येतं. ते म्हणाले, पत्रा काय, कुठलाही ठोकता येतो. मी म्हणालो, ठोकायचं काम तुमचंच, त्याला डेंटिंगच म्हणतात. हा विनोद त्यांना आवडला नाही. मी घरी आलो.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं. रविवारचं जेवण बंद झालं. सासूबाईंनी फोन करून विचारलं, तर मी म्हणालो दुकानात गर्दी आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलं दवाखान्यात गर्दी आहे. सासूबाई म्हणाल्या, "अचानक सगळं शहर आंधळं आणि बोळकं झालं का?"   ही मात्र संध्याकाळी फोन घेऊन बाल्कनीत जायची, आणि आत आली की डोळे पुसलेले असायचे. मी शेडमध्ये बिनइंजिनाच्या गाडीत बसून बिनस्टिअरिंगचा, हात नुसते हवेत धरून, वळणं घेत बसायचो. मामा, माझ्या गाडीत त्या वेळी इतकंच चालू होतं.

मग एका रविवारी मी शेडमध्ये गेलो तर शेड रिकामं. तिथं फक्त मांजर होतं. (बिऱ्हाडासकट आलं होतं, तुम्हाला सांगायचं राहिलं.) मी चोरी झाली म्हणून धावत घरात आलो, तर घरात ही नव्हती. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि अक्का नव्हत्या. आम्ही दोघं आपापल्या वाटेनं सासूबाईंकडे पोचलो. त्यांच्या परसात, सासऱ्यांच्या छापखान्याचं जुनं गोदाम आहे, त्याच्या मधोमध सांगाडा उभा होता, शेजारी टेम्पोतून उतरवलेलं इंजिन, आणि दोघी बहिणी एका पालथ्या पेटीवर बसून चहा पीत होत्या. भंगारवाला दोरखंड गुंडाळत होता. आमच्याकडे बघून आपल्या चष्म्यातून आणि कवळीतून छान हसला.

"गाडी इथं राहील," अक्का म्हणाल्या.

"पण कुणाची?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

हिनं कप खाली ठेवला. "तुम्ही दोघं भांडलात, ठीक आहे," ही म्हणाली. "पण मला माझी बहीण फोनवर भेटते, घरच्या घरी चोरून. हे मी अजून एक दिवससुद्धा करणार नाही."

  डॉक्टरांनी बाह्या वर केल्या आणि विचारलं, "पाने आणलेत?" पाने त्यांच्याच पिशवीत होते.

मामा, त्यानंतरचे रविवार चांगले गेले असं मी लिहिणार होतो, आणि गेलेही. पण हेवा काही असा एका चहाने उतरत नाही. त्यांनी रेडिएटर बसवला तर मी तो रात्री मनातल्या मनात काढून परत बसवायचो. बॅटरीच्या तारा जोडायचा मान मी हट्टानं घेतला आणि उलट्या जोडल्या. या जुन्या ब्रिटिश गाडीत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडतात, म्हणजे सगळंच उफराटं, हे त्या वायरींतून धूर आल्यावर समजलं. डॉक्टरांनी फक्त खिडकी उघडली. हे त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं. उलट, वेगाच्या तबकडीची फुटकी काच मी हाताने घासून नवी केली, ती बसवली तेव्हा ते कितीतरी वेळ ती बोटानं पुसत राहिले. मग पान्याकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे माणसं येतात, चष्मा लावतात आणि आनंदानं म्हणतात, अरे, दिसतंय. माझ्याकडून आजवर कुणी आनंदानं गेलेलं नाही. पोरं तर रस्त्यात दिसलो तरी तोंड मिटतात. मला तुमच्या लग्नातच वाटलं होतं, की याचं बरं आहे."

मी हे ऐकण्यासाठी किती वर्षं थांबलो होतो ते तुम्हाला सांगायला नको. क्षणभर सगळं गोदाम उजळल्यासारखं झालं. आणि लगेच लक्षात आलं, की मला त्यांचा हेवा वाटू लागला तो लग्नानंतर, आणि त्यांना माझा वाटला तो लग्नातच. म्हणजे हेव्यातसुद्धा ते माझ्या आधी.

अखेर गाडी उभी राहिली. गडद हिरवी, तिरळी, आणि अशा आवाजात चालू होणारी की शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. पहिली फेरी कुणी मारायची, हा प्रश्न आला. आसनं दोन, आणि दोन्ही जावयांना चालवायचीच होती, शेजारी कुणालाच बसायचं नव्हतं. मी म्हणालो, गाडीत इंजिन असतं, पण गाडी म्हणतात ती बॉडीला. ते म्हणाले, बॉडी उतारावरून एकटीच जाईल, चढावर काय करणार? सासूबाई फाटक धरून उभ्या होत्या. आमचं चांगलं रंगात आलं होतं, तेवढ्यात मागे दार लागल्याचा आवाज झाला, मग दुसरं दार. वळून बघतो तर अक्का स्टिअरिंगवर आणि ही शेजारी, केसांना रुमाल बांधून. अक्का लग्नाआधी वडिलांच्या छापखान्याची, कागदाच्या गठ्ठ्यांची व्हॅन चालवायच्या, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी फाटक उघडलं. गाडी अशी सफाईनं बाहेर गेली, की आम्हाला बाजूला व्हायचंही सुचलं नाही. कोपऱ्यावर हिनं मागे वळून हात केला. मला केला की आईला, ते नक्की कळलं नाही.

दुपार गेली. आम्ही दोघं फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिलो. डॉक्टर म्हणाले, क्लच थोडा कडक आहे. मी म्हणालो, आरसा सैल आहे. मग तेही संपलं. ऊन उतरताना लांबून तो आवाज आला आणि त्या आवाजाच्या वर दोघींचं हसणं. दोघींच्या गालांवर काजळी, रुमाल कधीच उडून गेलेला. "तळ्यापर्यंत गेलो होतो," ही म्हणाली. "मग वाटलं, त्याच्या पुढे काय आहे ते बघावं." पुढे काय होतं, ते तिनं सांगितलं नाही. अक्कांकडे बघितलं आणि दोघी पुन्हा हसल्या. तशी ती माझ्याबरोबर कधी हसलेली मला आठवत नाही. मामा, त्या वेळी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. तो अगदी माझ्या चेहऱ्यासारखा दिसत होता.

तेव्हापासून दर रविवारी गाडी दोघी नेतात. आम्ही शनिवारी ती पुसून ठेवतो, तेल बघतो, हवा भरतो. डॉक्टरांचा आणि माझा आता एकमेकांवर काही राग नाही, दोघांना मिळून एका गोष्टीचं वाईट वाटतं, आणि त्यामुळे आमचं चांगलं जमतं. परवा तर त्यांनी माझा दुखरा दात काढला आणि मी अजिबात ओरडलो नाही. माझ्या मनातली जुनी मळमळ कायमची गेली, हे तुम्हाला कळवावं म्हणूनच खरंतर हे पत्र लिहिलं. मामींना नमस्कार सांगा. स्वतःला जपा.

तुमचा,
मन निवळलेला भाचा

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. तुमच्या गल्लीच्या टोकाला ते निवृत्त बँडमास्तर राहतात, त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलंय असं मामी म्हणाल्या होत्या. तारांची चाकं आहेत का, एवढं सहज जाता जाता बघाल का? ताडपत्री एका कोपऱ्यानं वर केली तरी पुरे. असलीच तर त्यांच्याशी थोडं बोलून ठेवा. त्यांना चष्मा लागत असेलच. हे हिला, अक्कांना आणि विशेषतः डॉक्टरांना कळवायची काही गरज नाही. त्यांच्याबद्दल माझं मन स्वच्छ आहे, पण दोन गाड्या असल्या तर चौघांची सोय होईल, आणि दुसरी माझी एकट्याची असेल.

ता. क. २ पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात डॉक्टर दुकानात येऊन गेले. उद्या दवाखाना बंद ठेवून बाहेरगावी जातायत म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही. पण तुमची फार आपुलकीनं चौकशी केली, आणि तुमच्या गल्लीत टेम्पो वळतो का, असं विचारलं. मामी फोनवर अक्कांशीही बोलतात, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मामा, हे पत्र त्यांच्या आधी पोचलं तर बँडमास्तरांना चार दिवस तुमच्याकडे राहायला बोलवा. नंतर पोचलं, तर निदान डॉक्टरांना चहाला आत बसवा, आणि तेवढ्या वेळात मामींना पाठवून त्या गाडीचं इंजिन आहे की नाही ते बघून घ्या.